कान बघणारे बिराजदार सर

बिराजदार सरांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. आधी डावा कान पाहिला, मग उजवा, आणि म्हणाले, "सुट्या. दोन्ही पाळ्या सुट्या. बसा."

दुष्काळाचं साल होतं. सोलापूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले होते आणि सर तिथले जुने लेक्चरर होते. नोकरीच्या पहिल्या दिवशी माणसाला आडनाव विचारतात, मग गाव, मग गावात राहायला कुठे. माझं आडनाव कांबळे. ते सांगितलं की पुढचे प्रश्न बहुतेक वेळा आपोआप संपायचे. सरांनी आडनाव विचारलं नाही. त्यांनी खिशातून एक पाकीट काढलं, त्यातला बोटभर कागद चिमट्यानं उचलून माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "जिभेवर ठेवा."

नोकरी नवी होती. मी ठेवला.

"कसं लागतं?"

"कडू."

"किती कडू?"

"कारल्यापेक्षा जास्त."

"आईला?"

"आईनं हा कागद चाखलेला नाही, सर."

"मग उद्या सांगा," असं म्हणून त्यांनी मला आणखी चार कागद दिले.

आईला कडू लागला. वडलांना काहीच लागलं नाही. ते मिलमध्ये कामाला होते. म्हणाले, कागदच आहे हा, ह्याला कसली चव. आई म्हणाली, तुम्हाला माझ्या भाजीचीसुद्धा लागत नाही. हे सगळं मी दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. त्यांनी भाजीचं सोडून बाकीचं वहीत लिहून घेतलं.

तो कागद एका रसायनात बुडवून वाळवलेला असे. काही माणसांना तो विषासारखा कडू लागतो, काहींना नुसता कागद लागतो, आणि हे आईबापांकडून येतं. असल्या गोष्टी सर गोळा करत. कानाची पाळी गालाला चिकटलेली की सुटी, जिभेची नळी करता येते की नाही, कानाच्या कडेला केस आहेत का, डोळे घारे आहेत का. कोणती गोष्ट कोणत्या लोकांत किती आहे आणि ती तिथं कुठून आली असेल, यावर त्यांची पीएच.डी. चालली होती. मी लागले तेव्हा तिला सात वर्षं झाली होती.

सर मूळचे वळसंगचे. घरी कानडी, शाळेत मराठी, वर्गात इंग्रजी; मोजायचे मात्र कानडीतच, ओठांतल्या ओठांत. कपाळावर विभूतीचे पट्टे आणि शर्टाच्या खिशात पेनाशेजारी सहा इंची स्टीलची पट्टी. तोंडात एक वाक्य कायम, "बघायला पाहिजे." चहा घेणार का म्हटलं तरी "बघायला पाहिजे." प्राचार्यांचे वडील गेल्याचं स्टाफरूममध्ये कळलं. सर म्हणाले, "त्यांच्या कानावर लई केस होते. ह्यांच्याही आहेत." आणि मग, सगळे आपल्याकडे बघताहेत हे लक्षात आल्यावर, "वाईट झालं."

प्राचार्यांनाही त्यांनी कागद चाखायला लावला होता. शिपाई शेजारीच उभा होता म्हणून त्यालाही दिला. शिपायानं थू थू करत खिडकी गाठली. प्राचार्य कागद चघळत राहिले.

"काहीच लागत नाही हो, बिराजदार."

"नाही लागायचं."

"ह्याला लागतं आणि मला लागत नाही? दुसरा द्या."

सरांनी दुसरा दिला, मग तिसरा दिला. तिसऱ्या कागदावर प्राचार्य म्हणाले, थोडंसं कडवट वाटतंय खरं. सरांनी वहीत लिहिलं, "प्राचार्य, चव नाही," आणि वाचून दाखवलं. त्या वर्षी आमच्या प्रयोगशाळेला नवीन सूक्ष्मदर्शक मिळाला नाही.

शिकवताना ते आवाज चढवत नसत. एकदा वर्गात एका काळ्या मुलीला मागच्या बाकावरून कुणीतरी काहीतरी बोललं. सरांनी फळ्यावरचं पुसलं आणि धडा मध्येच सोडून सांगायला लागले. ऊन कडक असतं तिथं काळी कातडी टिकते, कारण ती आतल्या शरीराला सांभाळते. ऊन कमी पडतं तिथं काळ्या कातडीखाली हाडं नीट वाढत नाहीत, म्हणून तिथं उजळ कातडीची माणसं टिकली. "हजारो वर्षं लागतात याला. मग माणसं चालतात, गावं बदलतात, लग्नं करतात, आणि रंग मिसळतात. यात कुणाचं कर्तृत्व नाही." मग मागच्या बाकाकडे बघून, "तुमचा रंग उजळ आहे. सोलापूरच्या उन्हाच्या दृष्टीनं तो गैरसोयीचा आहे." वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांना ती माहिती वाटत होती.

रविवारी ते वस्त्यांतून हिंडत. लवकरच मीही बरोबर जाऊ लागले, कारण बायका सरांपुढे जीभ काढायला तयार नसत. पूर्व भागातली तेलुगू विणकरांची घरं, मुसलमान मोहल्ले, आमची वस्ती, कधी वळसंगकडची खेडी. सोलापूरची माणसं भली. कोण कुठला बाबा आपल्या पोराचा कान ओढून बघतोय, तरी चहा विचारत. एका म्हातारीनं विचारलं, "ह्यानं रोग बरा हुतो का?"

"नाही."

"मग सरकार काय देतंय?"

"काही नाही."

"मग कशापाई?"

"बघायला पाहिजे म्हणून," सर म्हणाले. म्हातारीला ते पटलं. तिनं जीभ काढली.

एकदा आकडे उतरवताना मला वहीत माझं नाव दिसलं. पाळी सुटी, चव कडू, जिभेची नळी होते. आणि त्याच्या पुढच्या रकान्यात जात.

"सर, माझी जात लिहिलीत?"

"लिहिली की. रकाना आहे. गाईडांना जातवार तक्ते पाहिजेत."

"मला विचारलं नव्हतंत."

"आडनावावरून लिहिली." मग जरा काळजीनं, "चुकली का?"

"चुकली नाही."

"मग झालं," असं म्हणून ते कामाला लागले. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षात आलं नाही. तिसऱ्या दिवशी मात्र काचपट्ट्या पुसता पुसता म्हणाले, "कांबळेबाई, विचारायला पाहिजे होतं. न विचारता लिहिलेली नोंद कच्ची असते." ती माफी होती हे मला संध्याकाळी घरी गेल्यावर कळलं.

पद्माचं प्रकरण त्यानंतरच्या मार्चमधलं. पद्मा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. पूर्व भागातल्या विणकराची मुलगी, हुशार, कमी बोलणारी. आमच्या प्रयोगशाळेवर पत्रा होता, त्यामुळे मार्चमध्ये आत सगळ्यांनाच घाम फुटायचा. पद्मा झुरळाचं डिसेक्शन करत वाकली होती. तिच्या कपाळावरून एक काळा ओघळ निघाला आणि भुवईपर्यंत आला. तिनं मनगटानं पुसलं, तसं केसांना लावलेलं काजळ आणखी निघालं. भांगाच्या बरोबर समोर, कपाळाला लागून, दोन बोटं रुंद केस पांढरेशुभ्र होते.

सर दोन बाकांवरून आले. "हलू नको."

त्यांनी पट्टी काढली आणि तिच्या केसांना लावली. "जन्मापासून आहे? कपाळावरची कातडी पण पांढरी आहे, खाली, बघू. वडलांना आहे की आईला?"

सगळी बॅच चिमटे खाली ठेवून बघत होती. पद्मानं एकदा सरांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी उचलून निघून गेली.

सर पट्टी तशीच हवेत धरून उभे. "सांगितलं नाही तिनं," ते मला म्हणाले.

मी त्यांना बाहेर व्हरांड्यात नेलं आणि आयुष्यात पहिल्यांदा वरिष्ठांवर ओरडले. "सर, त्या मुलीचं लग्न ठरलंय. लोक ह्याला कोड म्हणतात. कळतंय का तुम्हाला?"

"कोड नाही ते. कोड पसरतं. हे जन्मतःच असतं आणि आहे तेवढंच राहतं."

"हे तुम्हाला ठाऊक आहे. आत ते चाळीस जण बसलेत, त्यांना ठाऊक नाही."

सरांनी खिडकीतून आत पाहिलं. मग पट्टी खिशात ठेवली. ती ठेवायला त्यांना दोनदा खिसा शोधावा लागला.

तिसऱ्या दिवशी मुलाकडच्यांचा निरोप आला की लग्नाचं जरा थांबवू या.

रविवारी सर माझ्याकडे आले आणि म्हणाले, "पद्माच्या घरी जायला पाहिजे. तुम्ही चला. मी काही बोललो तर मला थांबवा." पद्माचे वडील नरसय्या मागावरून उठून आले. दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत हातमाग. पद्मा आतून बाहेर आली नाही. सर म्हणाले, "माझी चूक झाली." नरसय्यांनी डोक्यावरची टोपी काढली. त्यांच्या कपाळावर तीच बट होती, तेवढीच रुंद, वय झाल्यामुळे बाकीच्या पिकत्या केसांत जरा कमी उठून दिसणारी.

"माज्या आईला पन हेच होतं, सर," ते म्हणाले. "तिच्या बापाला पन. तिकडं तेलंगणात आमच्या गावाला ह्याचं कोन काय म्हनत नव्हतं. हितं आलो आन टोपी घालाया लागलो. पोरीला टोपी कशी घालनार?"

मी सरांकडे पाहिलं. त्यांचा हात खिशाकडे गेला होता. मी खोकले. हात खाली आला.

"कोड नाही हे मी त्यांना दाखवून देतो," सर म्हणाले. "पुरावा आहे माझ्याकडे."

तो पुरावा म्हणजे दस्तगीरचाचा. बाजाराच्या तोंडाशी बसून स्टोव्ह दुरुस्त करत. सत्तरीच्या पुढचे. सरांच्या घरचा स्टोव्ह एकदा दुरुस्त करताना त्यांनी घाम पुसायला टोपी काढली होती आणि सरांना खाली हुबेहूब अशीच बट दिसली होती. ती वहीत होती.

पुढच्या रविवारी आम्ही चौघं, म्हणजे सर, मी, नरसय्या आणि दस्तगीरचाचा, मुलाच्या घरी गेलो. मुलाचं नाव श्रीनिवास. चादरीच्या एका कारखान्यात होता. त्या घरात शब्द चालायचा तो त्याच्या आजीचा. आजी खाटेवर बसली होती, श्रीनिवास दाराला टेकून उभा होता. सरांनी व्यवस्थित सुरुवात केली. चाचांना टोपी काढायला सांगितली.

"ह्यांचं वय सत्तरच्या पुढे आहे. ही बट जन्मापासूनची. सत्तर वर्षांत एक सूत सरकलेली नाही. अंगावर कुठं दुसरा डाग नाही. पद्माचंही हेच आहे. कोड असतं तर पसरलं असतं."

आजी उठून चाचांच्या जवळ आली. तिनं बट हातात धरून पाहिली. चाचांनी मान खाली घालून दिली. "न्हाय पसरलेलं," आजी म्हणाली आणि परत खाटेवर बसली. नरसय्यांनी श्वास सोडला. आम्ही तेव्हाच उठायला हवं होतं.

आजीनं विचारलं, "पोरांना हुईल का हे?"

"निम्म्यांना," सर म्हणाले.

"सरांना म्हणायचंय की..." मी सुरुवात केली.

"म्हणजे प्रत्येक खेपेला निम्मी शक्यता," सरांनी माझं वाक्य पुरं केलं. "नाणं उडवल्यासारखं. कदाचित चारही पोरांना होईल, कदाचित एकालाही होणार नाही. ज्याला झालं नाही त्याच्या पुढच्यांना येत नाही."

आजीनं ते ऐकून घेतलं. मग ती बराच वेळ चाचांकडे आणि नरसय्यांकडे आळीपाळीनं बघत राहिली. "सर, तुमी शिकलेलं हाय. मला येक सांगा. हे मुसलमान, आमी विणकर. ह्यांचं आन त्या पोरीचं येकच कसं?"

ज्या प्रश्नाची सर आयुष्यभर वाट बघत होते तो असा, भलत्या घरी, भलत्या वेळी आला. सर पुढे सरकून बसले.

"दोन शक्यता आहेत. कधीकधी बाळ तयार होताना एखादी बारीक गोष्ट बदलते. ती आईबापात नसते, बाळात पहिल्यांदा येते, आणि पुढे चालत राहते. असं दोन्ही घरांत वेगवेगळं झालं असेल. दुसरी शक्यता म्हणजे एकदाच झालं असेल. मग यांचे आणि त्यांचे कुणी पणजोबा-खापरपणजोबा एकाच घरचे. माणसं तिकडून इकडे आली ती वाटेत थांबत थांबत आली. कोण कुठं राहिलं, कुणी कुणाशी घर केलं, कोण काय झालं, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. नुसत्या बटेवरून यातलं कुठलं खरं ते सांगता येत नाही."

नरसय्या जमिनीकडे बघत होते. शेवटी दस्तगीरचाचाच बोलले. "अम्मा, मैं रिश्तेदारी निकालने नै आया. सर बोले काम है, तो मैं समजा स्टोव्हका काम है."

आजी म्हणाली, "स्टोव्ह बी बिघडलाच हाय."

चाचांनी पिशवीतून पिन काढली आणि चुलीपाशी जाऊन बसले. अर्ध्या तासात स्टोव्ह निळ्या ज्योतीनं पेटला. आजीनं त्याच्यावर आम्हाला सगळ्यांना चहा करून दिला आणि चहा झाल्यावर सांगितलं की हे लग्न होणार नाही.

परतताना चौकात चाचा वळले. मग नरसय्या म्हणाले, "सर, येकदा तरी खोटं का न्हाई बोललात?"

सरांनी विचार केला. "सुचलं नाही," ते म्हणाले.

नंतरच्या आठवड्यात सर वर्गावर यायचे, शिकवायचे, प्रयोगशाळेत बसायचे, पण कुणाच्या कानाकडे बघत नव्हते. माझ्याशी बोलताना तर चक्क तोंडाकडे बघून बोलले. मला ते बरं वाटलं नाही. पद्मा परीक्षेपुरती येऊन गेली. तिनं केसांना काजळ लावलं नव्हतं. पेपर लिहिताना मुलं मान वळवून बघत होती आणि ती लिहीत होती.

परीक्षा संपली त्या दिवशी श्रीनिवास प्रयोगशाळेत आला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तो कारखान्यात चादरीच्या नक्षीची कार्डं करायचा. म्हणजे पुठ्ठ्याच्या लांब पट्ट्यांना भोकं पाडायची. ती भोकं असतील तसे मागावर दोरे उचलले जातात आणि मोर, फुलं, वेल उमटतात. त्यानं कागद सोडला. आत एक जुनं कार्ड होतं.

"सर, ह्यात एक भोक चुकलंय. हितं. माज्याच हातनं चुकलं. तर प्रत्येक चादरीत मोराच्या मानेवर एक पांढरी रेघ येती. ह्याचंच दुसरं कार्ड उतरवून घेतलं तर त्यात बी येती. चादर फाटत न्हाई, विटत न्हाई. गिऱ्हाईक वापरतंय की. तसंच का हे?"

सरांनी कार्ड उजेडात धरलं. त्या भोकातून बराच वेळ पाहिलं. "तसंच," ते म्हणाले. "फक्त तिच्याकडून येणारं एक कार्ड, तुमच्याकडून एक, आणि तिच्याकडे दोन असतात त्यातलं कुठलं येईल ते..."

"नाणं. म्हाईत हाय. आजीला मी बघतो." तो घुटमळला. "तिला विचाराल का?"

सर माझ्याकडे वळले. "हे तुम्ही विचारा. मी विचारलं तर काहीतरी होईल."

मी पद्माला विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, त्यांना सांगा, मी आता काजळ लावणार नाही. लग्नात पण नाही. हे चालत असेल तर बघू की."

चाललं. लग्न पुढच्या वर्षी झालं. पद्मानं केस मागे ओढून बांधले होते, बट समोर मोकळी दिसत होती आणि वर अबोलीचा गजरा होता. आजी आली, पहिल्या रांगेत बसली आणि शेवटपर्यंत कुणाशी बोलली नाही. दस्तगीरचाचांना नरसय्यांनी स्वतः जाऊन आमंत्रण दिलं होतं. सर जेवणाच्या पंगतीत दोन अनोळखी माणसांच्या मधे बसले आणि त्यांच्या पाळ्या पाहून मला खुणेनं सांगितलं, एक चिकटलेली, एक सुटी. मला हायसं वाटलं.

मग पीएच.डी.चा निकाल लागला, म्हणजे लागला नाही. सर तक्ते घेऊन विद्यापीठात गाईडांकडे गेले होते. परत आले ते सरळ प्रयोगशाळेत, स्टँडवरून हातात पिशवी तशीच. मी काचेच्या डिश धूत होते. त्यांनी बाही सरकवली आणि शेजारी उभे राहून विसळायला लागले.

"गाईड म्हणाले, तुमच्या तक्त्यात काही निघत नाही. एका जातीत जे आहे ते दुसऱ्या जातीत आहे. एका गल्लीत जितक्या तऱ्हा, तितक्याच दुसऱ्या गल्लीत. मी म्हणालो, तेच निघालंय. ते म्हणाले, याला प्रबंध म्हणत नाहीत."

"मग?"

"मग त्यांना तक्त्यात बटेची नोंद दिसली. ते खुर्चीतून उठले. म्हणाले, हे प्रकरण घाला. दोन्ही घरांचे फोटो घाला, जाती घाला, आणि वंशावळीच्या एकाच झाडावर दोन्ही घरं दाखवा. परदेशात छापून येईल. मी म्हणालो, एकाच झाडावर दाखवता येत नाहीत, पुरावा नाही. ते म्हणाले, शक्यता म्हणून दाखवा."

"तुम्ही काय म्हणालात?"

"बघायला पाहिजे म्हणालो."

ते खरंच बघायला गेले. पद्मानं सांगितलं, माझा फोटो घ्या, माझं काही जात नाही. नरसय्यांनी तिच्याकडे बघून होकार दिला. दस्तगीरचाचांकडे मी बरोबर होते. चाचांनी हातातला बर्नर खाली ठेवला. "साब, तुमकू ना नै बोलता. मगर पोतीका रिश्ता चल रा है. उसकू भी है ये. अबी नक्को."

"किती दिवस?" सरांनी विचारलं.

"उसके बाद छोटी है. उसकू भी है."

सरांनी मान हलवली. गाईडांना त्यांनी एक पोस्टकार्ड लिहिलं. मी ते टाकायला नेलं म्हणून मला मजकूर ठाऊक आहे: बटेचं प्रकरण देता येत नाही, तक्ते आहेत तसेच घ्यावेत ही विनंती. उत्तर आलं नाही. दोन वर्षांनी आमच्याकडे विभागप्रमुखाची जागा निघाली आणि ती पीएच.डी. झालेल्या एका तरुण माणसाला मिळाली. तो एकेकाळी सरांचाच विद्यार्थी होता. सर त्याला दुसऱ्या दिवसापासून "सर" म्हणू लागले. मला राग आला. मी म्हटलं, तुम्हाला काहीच वाटत नाही का? संध्याकाळी कपाटाला कुलूप लावताना सर म्हणाले, "वाटतं की. चांगला प्रबंध होता तो."

मला दुसऱ्या जिल्ह्यातल्या कॉलेजात लेक्चररची जागा मिळाली त्याच महिन्यात पद्माला मुलगी झाली. निघण्याआधी मी आणि सर बघायला गेलो. बाळाचं डोकं दाट केसांचं होतं, पुढून मागून काळंभोर. श्रीनिवासची आजी दारातच भेटली. जन्मल्यापासून तिनं ते डोकं कितीदा तपासलं होतं कोण जाणे. "न्हाई आलं!" ती म्हणाली आणि आमच्या हातावर पेढे ठेवले. सरांच्या हातावर दोन ठेवले, जणू त्यात त्यांचा काही हात होता.

पद्मा खाटेवर पडली होती. तिनं बाळ सरांच्या मांडीवर दिलं. "सर, तुम्ही नीट बघा."

सरांनी चष्मा घातला. बाळाचं डोकं तळहातावर घेतलं आणि कपाळापासून मानेपर्यंत केस बोटानं बाजूला करत करत सगळं पाहिलं. इतका वेळ लावला की बाळ झोपलं.

"नाही."

"मागं? कानामागं?"

"नाही."

"एखादा केस सुद्धा? माझ्यासारखा?"

"एकही नाही," सर म्हणाले. ते आनंदाची बातमी द्यावी तसं म्हणायला गेले असावेत, कारण पद्माचा चेहरा बघून त्यांचा आवाज शेवटी खाली आला.

पद्मानं डोळे मिटले आणि भिंतीकडे कूस वळवली. तिचे खांदे हलत होते. आजी स्वयंपाकघरातून विचारत होती, काय झालं, काय झालं. माझी बस होती. मी उठले, पद्माच्या पाठीवर हात ठेवला, सरांना येते म्हटलं. त्यांनी मान हलवली. पुढे पत्रं आली-गेली, पण भेट झाली नाही. दारातून मी मागे वळून पाहिलं तेव्हा सर खाटेच्या कडेला ताठ बसले होते, मांडीवर झोपलेलं बाळ होतं, आणि ते आता कुणाकडे द्यावं हे त्यांना कळत नव्हतं.